काळा दगड, पांढरी माती : वऱ्हाडातील बांधणी आणि जगातील वास्तुपरंपरा

(नांदगाव खंडेश्वर येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)

नांदगाव खंडेश्वरचे देऊळ काळ्या दगडाचे आहे. ज्या वऱ्हाडात ते उभे आहे तिथली घरे मात्र शेकडो वर्षे पांढऱ्या मातीची होती. दोन्ही बांधण्या एकाच मुलखात, एकाच काळात आणि शेजारी शेजारी चालत आल्या. देवळासाठी दगड रचला तो चुन्याशिवाय, निव्वळ वजनाच्या आणि घडाईच्या भरवशावर. घरासाठी माती वापरली ती दर वर्षी नव्याने लिंपावी लागणार हे धरूनच. वास्तुशैलींचा इतिहास बहुधा राजघराण्यांच्या नावांनी सांगितला जातो: वाकाटक, यादव, बहमनी, मोगल. कालक्रम लावायला ही नावे उपयोगी पडतात. पण एखादी इमारत अशीच का झाली, हे त्यांतून उलगडत नाही. त्यासाठी खालची जमीन कशी आहे आणि छपराचे वजन त्या जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने उतरते, हे पाहावे लागते. या दोन प्रश्नांच्या उजेडात वऱ्हाड पाहिले, तर इथल्या बांधणीचे नाते थेट इजिप्त, आर्मेनिया, येमेन आणि जपानपर्यंत जुळते.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले. त्या लाव्ह्याचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, आणि त्याची झीज होऊन झालेली ती काळी माती. कापसाला ही माती मानवते, घराला मानवत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर ठेवलेला पाया दर वर्षी वर-खाली होतो आणि भिंत तडकते. म्हणून जुन्या व्यवहारात काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाण, अशी वाटणीच होती. पांढरीची माती पुष्कळ ठिकाणी वस्तीनेच घडवलेली असते. पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण आणि केरकचरा यांचे थर शतकानुशतके एकावर एक बसत जातात, गाव हळूहळू उंच होते आणि पुरापासूनही वाचते. इराक आणि सीरियातल्या जुन्या वस्त्यांची टेकाडे याच रीतीने वाढली. इराकमधल्या एर्बिल शहराचा बालेकिल्ला अशाच एका टेकाडावर आहे आणि त्या जागेवरची वस्ती काही हजार वर्षांची आहे. वऱ्हाडातल्या अनेक गढ्या गावातल्या सर्वांत उंच पांढरीवर दिसतात, त्याचे कारण संरक्षणाइतकेच या साचलेल्या मातीतही आहे.

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या मधोमध पूर्णा नदीचे खोरे पसरले आहे. तिथे गाळ इतका खोल आहे की खोदूनही दगड लागत नाही, आणि पाणी खारे. हाच खारपाणपट्टा. दगड नसला की बांधणाऱ्याला मातीकडेच वळावे लागते, कच्ची असो की भाजलेली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या भोन (जिल्हा बुलढाणा) येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात विटांचा प्राचीन स्तूप मिळाला आणि भाजलेल्या मातीची कडी एकावर एक बसवून केलेल्या पुष्कळ विहिरीही मिळाल्या. सैल गाळात विहीर ढासळू नये म्हणून ही कडी. जिथे कातळ उघडा पडला आहे, त्या पातूरला मात्र माणसे डोंगर कोरून लेणी करत होती. दर्यापूर तालुक्यातल्या लासूरचे आनंदेश्वर मंदिर या नियमाला अपवाद वाटते. ते खारपाणपट्ट्यात असूनही दगडी आहे. त्याचा एकेक दगड दुरून वाहून आणावा लागला असणार. त्यामुळे लासूरला जे दिसते ते बांधकाम जितके आहे, तितकीच वाहतूकही आहे. बैलगाड्या, कच्चे रस्ते आणि पूर्णेचे पात्र यांचा हिशेब मांडल्यावर त्या देवळामागचे कष्ट नीट कळतात.

वऱ्हाडातल्या काळ्या दगडाच्या देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. बांधणीची ही रीत त्याच्या बरीच आधीची आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चे. बार्शीटाकळीच्या देवळातला शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इ.स. ११७६ च्या सुमाराचा. नांदगाव खंडेश्वरचा शिलालेख महादेवाच्या थोरल्या भावाच्या, कृष्ण यादवाच्या कारकिर्दीतला आहे. म्हणजे मंत्र्याने देवळे बांधवली असली, तरी ही विद्या पाथरवट आणि सूत्रधारांच्या पिढ्यांची होती आणि तिला राजाश्रय देणारी घराणी बदलत गेली. त्या कारागिरांची नावे क्वचितच उरली आहेत. त्यांचे काम मात्र दगडादगडातून वाचता येते.

हे वाचन जोत्यापासून सुरू करावे लागते. देऊळ आधी रुंद जोत्यावर चढवलेले असते. त्यामुळे वजन मोठ्या क्षेत्रावर पसरते. त्यावर भिंतीचे आडवे थर येतात: खुर, कुंभ, कलश, कपोत. पाहणाऱ्याला ही नक्षी वाटते, पण या प्रत्येक पट्टीला काम दिलेले आहे. बाहेर आलेली कड पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकते, आणि दोन थरांमधला सांधा तिच्या सावलीत लपतो. भिंत बहुधा दोन पदरी असते. आत आणि बाहेर घडीव दगड, मध्ये डबराची भर. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा आराखडा तारकाकृती आहे. चौकोन स्वतःभोवती थोडा थोडा फिरवत नेला की जे कोपरे बाहेर येतात त्यांची ही तारका. प्रत्येक कोपरा भिंतीला बाहेरून टेकू देतो, आणि सपाट भिंतीवर एकसारखे पडणारे ऊन शेकडो उभ्या सावल्यांत विभागले जाते. बेसाल्टसारख्या रंगहीन, अंधाऱ्या दगडाला उठाव देण्याचा याहून चांगला उपाय कुणाला सापडला असेल असे वाटत नाही. दगडाचा स्वभाव शिल्पावर किती परिणाम करतो, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मार्कंड्याला गेल्यावर समजते. वैनगंगेकाठची ती देवळे वालुकाश्माची आहेत. वालुकाश्म छिन्नीला सहज दाद देतो, म्हणून तिथल्या भिंती मूर्तींनी भरल्या आहेत. बेसाल्ट हट्टी असतो. त्यामुळे वऱ्हाडातला कारागीर पुष्कळदा मूर्तींची गर्दी टाळून कोनांचा आणि थरांचा आधार घेतो. इथली देवळे साधी दिसतात म्हणून त्यांना कमी लेखणे अन्यायाचे आहे.

आत शिरले की खांबांची दाटी जाणवते, आणि तिचे कारण दगडाच्या एका दुबळेपणात आहे. दोन खांबांवर तुळई ठेवली की तिच्या वरच्या अंगाला दाब पडतो आणि खालच्या अंगाला ताण. दगड दाब हवा तेवढा सोसतो, ताण मात्र फार थोडा. अंतर वाढवले तर तुळई मधोमध खालून तडकते. म्हणून खांब जवळ जवळ घ्यावे लागतात, आणि खांबाच्या माथ्यावर चहूबाजूंनी हात पसरलेले टेकू बसवावे लागतात. या टेकूंवर ओझे उचलणारे कीचक कोरलेले असतात, आणि तो टेकू खरोखरच ओझे उचलतो: तुळईचे उघडे अंतर त्याने दोन्हीकडून कमी केलेले असते. इजिप्तच्या कर्नाक येथील महामंडपात १३४ खांब आहेत, त्यामागे हाच हिशेब आहे. अथेन्सचे पार्थेनॉन (इ.स.पू. ४४७ ते ४३२) संगमरवरी असले तरी त्यालाही या मर्यादेबाहेर जाता आले नाही. ग्रीकांनी शेजारच्या दगडांना लोखंडी आकड्यांनी जोडले आणि गंज लागू नये म्हणून आकड्यांभोवती शिसे ओतले. पेरूतल्या कुस्कोच्या इंका पाथरवटांनी चुनाही घेतला नाही आणि आकडेही बहुतेक टाळले. त्यांनी प्रत्येक दगड शेजारच्या दगडाच्या अंगावर इतका घासून बसवला की भूकंपातही भिंती जागच्या जागी राहिल्या. यादवकालीन देवळात दगडाचे सपाट तळ घट्ट बसवलेले असतात, आणि गरज तिथे एका दगडाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोबणीत अडकवलेला असतो. ही सुताराची युक्ती आहे. दगडी देवळांच्या आधी लाकडी देवळे होती, याची आठवण अशा सांध्यांत टिकून राहिली आहे.

चार तुळयांमधली चौकोनी जागा झाकायची कशी? एवढी मोठी अखंड शिळा मिळत नाही, मिळाली तरी स्वतःच्या वजनाने फुटते. यावरचा उपाय वऱ्हाडातल्या सभामंडपात मान वर केली की दिसतो. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकले की आत पंचेचाळीस अंशांत फिरलेला छोटा चौकोन उरतो. त्याच्या कोपऱ्यांवर पुन्हा तिरपे दगड. दर थराला उघडे क्षेत्र अर्धे होते. बारा फुटांचा चौकोन पहिल्या थरानंतर साधारण साडेआठ फुटांचा होतो, दुसऱ्यानंतर सहा फुटांचा. शेवटी उरलेल्या लहानशा जागेवर कमळ कोरलेली एक शिळा बसते. छताची ही रीत श्रीनगरजवळच्या पांद्रेठनच्या मंदिरात आहे, अफगाणिस्तानातल्या बामियानच्या गुंफांत आहे, पामीरमधल्या घरांत लाकडाने केलेली आहे, आणि आर्मेनिया व जॉर्जियातल्या जुन्या शेतकरी घरांतही आहे. तिथे मधला चौकोन धूर जाण्यासाठी उघडा ठेवतात. चीनमधल्या दुनहुआंगच्या गुंफांत तर छत सपाट कोरून त्यावर हे फिरते चौकोन नुसते रंगवले आहेत. बांधकामाची गरज संपल्यावरही आकार डोळ्यांत राहिला, असे त्यावरून म्हणता येते. ही युक्ती एका ठिकाणाहून दुसरीकडे गेली की अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली, यावर अभ्यासकांत मतभेद होऊ शकतात. आखूड लाकूड किंवा आखूड दगड आणि मोठी खोली, ही अडचण मात्र सगळीकडे सारखीच होती.

गाभाऱ्यावरचे शिखर वेगळ्या तत्त्वावर चढते. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवायचा आणि त्याची शेपटी मागच्या वजनाने दाबून धरायची. सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर या रीतीचा उत्तम नमुना आहे. चार बाजूंना चार उभे पट्टे आणि मधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या रांगा अशी त्याची ठेवण आहे. तिला भूमिज म्हणतात, आणि माळवा व महाराष्ट्र हे तिचे घर आहे. लोणारचे दैत्यसूदन आज शिखराविना उभे आहे, वऱ्हाडातल्या आणखी कित्येक देवळांचीही तीच गत आहे. आत सरकत जाणाऱ्या थरांनी मोठी जागा झाकण्याचा जुना विक्रम ग्रीसमधल्या मायसिनी येथील थडग्याचा आहे. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकाच्या सुमारास तिथे साडेचौदा मीटर व्यासाचा मधमाशीच्या पोळ्याच्या घाटाचा घुमट उभारला गेला. मेक्सिकोतल्या माया नगरांतही हेच तत्त्व आहे.

बार्शीटाकळी आणि नांदगाव इथे काम चालू होते, त्या दीड-दोन शतकांत जगभर मोठी बांधकामे उभी राहत होती. कंबोडियात बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात अंगकोर वाट झाले. थर आत सरकवण्याचीच रीत असल्याने त्या अफाट मंदिराच्या ओवऱ्या अरुंद राहिल्या. इथिओपियातल्या लालिबेला येथे ज्वालामुखीच्या खडकात वरून खाली खोदून अख्खी चर्चे कोरली गेली. वेरूळच्या कैलासाशी त्यांचे नाते पाहताक्षणी पटते. फ्रान्समध्ये ११९४ च्या आगीनंतर शार्त्र येथील कॅथेड्रल नव्याने उभे राहिले. त्याचे दगडी छत सुमारे ३७ मीटर उंचावर आहे आणि भिंतींच्या जागी रंगीत काचा आहेत. शार्त्रच्या गवंड्यांकडे टोकदार कमान होती, नांदगावच्या पाथरवटाने तुळई निवडली. उंचीचा आणि उजेडाचा सारा फरक या एका निवडीतून निघतो.

कमानीत दगड पाचरीसारखे घडवलेले असतात आणि सगळे मध्याकडे रोखलेले असतात. त्यामुळे तिच्यात ताण उरत नाही, फक्त दाब राहतो, आणि दाब हे तर दगडाचे बलस्थान. त्या बदल्यात कमान आपल्या टेकूंना बाहेर लोटते. शिवाय माथ्यावरचा शेवटचा दगड बसेपर्यंत ती स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, तोवर तिला लाकडी साचा लागतो. भारतात कमान अगदीच अपरिचित होती असे नाही, पण देवळे बांधणाऱ्यांनी तिला मुख्य स्थान दिले नाही. दिल्लीत बाराव्या शतकाच्या अखेरीस कुव्वत-उल-इस्लाम मशिदीची कमानीची भिंत उभारली, तेव्हा स्थानिक कारागिरांनी कमानीचा आकार दिला खरा, पण दगड आडवेच आत सरकवले. खरी कमान तिथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात बलबनाच्या थडग्यात दिसते. दोन बांधकामविद्या एकमेकींची भाषा शिकताना जे घडते ते या भिंतीत शाबूत आहे.

वऱ्हाडात कमान आणि चुना ठळकपणे आले ते बहमनी आणि इमादशाही काळात. मेळघाटाच्या कड्यावरचा गाविलगड अहमदशहा बहमनीने १४२५ च्या सुमारास उभारला आणि पुढे इमादशाहीत तो वाढवला गेला. त्याच्या दिल्ली दरवाज्यावर गंडभेरुंड कोरलेला आहे, म्हणजे दक्षिणेतल्या राजचिन्हाला सुलतानी दरवाज्यावर मानाची जागा मिळाली. नरनाळा किल्ल्याचा महाकाली दरवाजा पंधराव्या शतकाच्या अखेरचा. पांढरट वालुकाश्मातली कमळे, अरबी लेख, पुढे आलेले सज्जे आणि त्यांच्या दगडी जाळ्या यांमुळे वऱ्हाडातल्या कोणत्याही दरवाज्याला त्याची सर येत नाही. अचलपूरजवळचा हौज कटोरा हा तळ्याच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी मनोरा आहे. दर्यापूर तालुक्यातल्या महिमापूरची सात मजली पायविहीर बाहेरून किल्ल्यासारखी दिसते. आत उतरत गेले की कमानींमागून कमानी लागतात आणि प्रत्येक मजल्यावर हवा गार होत जाते. पाटणची राणी की वाव शिल्पांसाठी जगप्रसिद्ध झाली. महिमापूरला शिल्पे फारशी नाहीत, पण मातीचा चहूबाजूंचा रेटा कमानींनी कसा तोलायचा, याचा हा उघडा धडा आहे आणि स्थापत्य शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो पाहायला हवा. बाळापूरच्या किल्ल्यात आणि अमरावतीच्या परकोटातही हीच विद्या आहे. पेंढाऱ्यांपासून बाजारपेठ वाचवण्यासाठी निजामाच्या अमलात १८०७ साली या परकोटाचे काम सुरू झाले.

या सगळ्याला चिकटून ठेवणारा पदार्थ म्हणजे चुना. बैलाच्या घाणीत तो वाळूबरोबर मळत, त्यात गूळ, बेलफळाचा गर यांसारखे चिकट पदार्थ घालत. चुना सावकाश घट्ट होतो आणि थोडी हालचाल सोसतो. काळ्या मातीच्या मुलखात हा गुण मोलाचा आहे. रोमन लोकांनी चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळली आणि पाण्यातही घट्ट होणारे काँक्रीट मिळवले. त्याच काँक्रीटचा रोमच्या पँथिऑनचा घुमट ४३ मीटरांहून अधिक व्यासाचा आहे आणि दुसऱ्या शतकापासून उभा आहे.

देवळे आणि किल्ले यांपेक्षा कितीतरी अधिक माणसे ज्या बांधणीत राहिली ती मातीची. तिचे लिखित पुरावे थोडे आहेत. म्हणून महानुभावांच्या स्थानपोथीला फार महत्त्व आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले त्या ठिकाणांची तिच्यात दिशांसह नोंद आहे: मढ कोणत्या बाजूला, पटिसाळ कुठे, दार कोणत्या दिशेचे. भक्तीपोटी ठेवलेल्या या नोंदी आज तेराव्या शतकातल्या वस्तीचा नकाशा म्हणून वाचता येतात. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे त्या परंपरेचे केंद्र.

वऱ्हाडातले जुने घर खणांत मोजतात. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि घर किती खणांचे यावरून घरमालकाची ऐपत कळे. जपानी घरातही दोन खांबांमधल्या ठरावीक अंतरावरून खोली, चटया आणि सरकती दारे यांची मापे ठरतात. लाकडाच्या लांबीने घराचे माप ठरवणे दोन्हीकडे सारखेच आहे. वऱ्हाडात हे लाकूड मेळघाटातले सागवान. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचा, त्यावर तुराट्या किंवा पाला, त्यावर चिखल आणि सर्वांत वर खारी माती: हे झाले धाबे. खारपाणपट्ट्यातली जी माती पिकाला नको, ती छपराला हवी असते. तिच्यातल्या सोडियममुळे मातीचे बारीक कण ओले झाले की सुटे होतात आणि बारीक छिद्रे बुजवतात, त्यामुळे पाणी खाली झिरपत नाही. रसायनशास्त्राचे हे सूत्र न लिहिता इथल्या माणसाने ते पिढ्यानपिढ्या छपरावर वापरले. मृगाच्या आधी धाब्यावर नवी खारी पसरायची, उतार नीट करायचा, पन्हळी मोकळ्या करायच्या, हा वर्षाचा क्रम होता.

भिंती दोन-तीन फूट जाड असतात, त्या दिवसाची उष्णता कित्येक तास अडवून धरतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा दुपारी माजघर गार राहते. भिंत आतून तापते ती रात्री, आणि तोवर माणसे अंगणात किंवा धाब्यावर बाज टाकून झोपलेली असतात. म्हणजे घर आणि दिनक्रम एकत्रच आखलेले होते. येमेनमधल्या शिबाम शहरात कच्च्या विटांची सात-आठ मजली घरे सोळाव्या शतकापासून उभी आहेत, त्यांच्या भिंती वर जाताना निमुळत्या होत जातात. मालीतल्या जेने येथील मोठी मशीद १९०७ साली पुन्हा बांधली गेली. दर वर्षी सारे गाव जमून तिला मातीचा नवा लेप देते, आणि भिंतीतून बाहेर काढलेली लाकडे त्या कामाला पायाड म्हणून उपयोगी पडतात. जपानमधल्या इसे येथील देवस्थान तर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर संपूर्ण नव्याने बांधतात, आणि सुतारकाम एका पिढीकडून दुसरीकडे जाते. टिकाऊपणा म्हणजे न बदलणारा पदार्थ, ही समजूत अशा परंपरांपुढे अपुरी पडते. लिंपण थांबले की मातीचे घर तीन-चार पावसाळ्यांत खचते, लिंपण चालू राहिले तर ते शतके काढते.

मेळघाटात पाऊस जास्त, म्हणून तिथे धाबे नाही. कोरकूंच्या गावात घरे समोरासमोर दोन सरळ रांगांत, मध्ये रुंद रस्ता. भिंती लाकूड-बांबूच्या कुडाच्या, वरून मातीने लिंपलेल्या. छपरावर कुंभाराने चाकावर केलेले कवेलू, जे दर पावसाळ्यापूर्वी फेरावे लागतात.

मातीच्या घरांचे गुण सांगताना किल्लारीचा विसर पडू देणे योग्य नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात हजारो माणसे अशाच घरांखाली दबून मेली. तिथल्या भिंती दगडमातीच्या होत्या: दोन पदर, मधली भर सैल, आणि दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नाहीत. धाब्यावर दर वर्षी नवा थर चढत गेला, जुना उतरवला गेला नाही, आणि छपराचे वजन प्रमाणाबाहेर वाढले. लाकडी सांगाडा धड होता अशा काही घरांत भिंती ढासळल्या, पण खांबांवरचे छप्पर तरले. काश्मीरमध्ये लाकडी चौकटीत लहान लहान खाने करून त्यांत वीट-दगड भरण्याची जुनी रीत आहे, तुर्कस्तानातही तशीच घरे आहेत. भूकंपात ही घरे हलतात, करकरतात, पण बहुधा कोसळत नाहीत. परंपरेत शहाणपण असते तसे साचलेले धोकेही असतात. कोणता थर उतरवायचा हे दर पिढीने तपासायचे असते.

१८६७ साली रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोचली. कापसाच्या गाठी मुंबईकडे गेल्या, येताना लोखंडी पत्रे आले आणि मंगळुरी कौले आली. पुढे सिमेंट आले. वऱ्हाडी गावांत धाब्याच्या जागी टिना आल्या. त्या हलक्या आहेत आणि गळत नाहीत, पण दुपारी त्यांच्याखाली बसवत नाही. सळईच्या काँक्रीटने मात्र जुना प्रश्न मुळातून सोडवला. ताण पोलाद घेते, दाब काँक्रीट घेते, त्यामुळे तुळईला खांबांची दाटी लागत नाही. जमिनीचा प्रश्न तरीही राहिलाच. काळ्या मातीत उथळ पायावर उभी राहिलेली सिमेंटची घरेही तडकतात, कारण सिमेंट चुन्यासारखे नमते घेत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेले खांब विकसित केले. ते फुगणाऱ्या थराच्या खाली, जिथे ओलावा फारसा बदलत नाही, तिथे रोवतात.

जुन्या देवळांच्या दुरुस्तीत हे सारे ज्ञान कसाला लागते. बिनचुन्याच्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरले की आत शिरलेले पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. भर भिजते, फुगते आणि बाहेरचा पदर पोटासारखा पुढे येतो. पिंपळाचे मूळ हेच काम अधिक सावकाश करते. अथेन्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी पार्थेनॉन सावरताना शिसे न ओतता लोखंडी आकडे वापरले गेले. ते गंजून फुगले आणि त्यांनीच संगमरवर फोडला. पुढे ते काढून टिटॅनियमचे बसवावे लागले. अंगकोरच्या बाफुओन मंदिराचे सुमारे तीन लाख दगड १९६० च्या दशकात क्रमांक घालून उतरवण्यात आले, यादवी युद्धात ते कागद नष्ट झाले, आणि जुळणी २०११ साली पुरी झाली. वऱ्हाडापुरते बोलायचे तर हेन्री कझेन्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात लोणार, मेहकर, सातगाव, सिरपूर, बार्शीटाकळी येथील देवळांची छायाचित्रे आणि मोजमापी आराखडे आहेत, आणि दुरुस्ती करणाऱ्याला मूळ रूप ताडून पाहायला ते आजही उपयोगी पडतात. खणाच्या घरांसाठी असे काम गावोगाव करता येण्याजोगे आहे. घर उतरवण्यापूर्वी खणांची संख्या, तुळयांची लांबी, भिंतीची जाडी, धाब्याचे थर आणि खारी कोणत्या शिवारातून आणली ते ठिकाण एवढी नोंद पुरेशी होते, आणि ती घेण्यासाठी एक फीत आणि एक वही लागते.